आखेनचा आरसा

ज्या वर्षी माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेला, त्या वर्षी मी यात्रेकरूंचे बिल्ले पुसत होते. पुसत होते म्हणजे कोरड्या ब्रशनं. पाणी लावायचं नाही, घासायचं नाही, बोटांचा घाम लागू द्यायचा नाही. सहा-सातशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणा भाविकानं टोपीवर शिवलेला, मग नदीत पडलेला आणि आता चिखलातून वर आलेला तो बोटभर तुकडा हातमोज्यात धरायचा, फोटो काढायचा, वजन करायचं आणि कॉम्प्युटरमध्ये नोंद करायची. त्या नोंदीत ‘काय तुटलंय, काय गेलंय’ असा एक वेगळा रकाना असतो. तो मला फार छान जमायचा. दुसऱ्यातले दोष काढायची सवय मी माहेरहूनच आणली आहे.

वेस्ट विंडसरला येऊन आम्हाला वीस वर्षं होऊन गेली होती. नवरा नाशिकचा, मी नागपूरची. तो प्रिन्स्टन जंक्शनहून सकाळची गाडी पकडून न्यूयॉर्कला ऑफिसला जायचा. मी माझी केमिस्ट्रीतली एम.एस्सी. डिपेंडंट व्हिसावर कित्येक वर्षं घरात ठेवून दिली होती. ग्रीन कार्ड आलं, मुलगी मोठी झाली, तेव्हा जवळच्या एका कॉलेजच्या लहानशा संग्रहालयात अर्धवेळ काम मिळालं. जुन्या धातूच्या वस्तू सांभाळायच्या. कुणा हौशी माणसानं आयुष्यभर जमवलेले हे बिल्ले तो गेल्यावर त्याच्या मुलांनी खोक्यांत भरून आमच्याकडे आणून टाकले होते. मुलांना ते नको होते. मला त्यात काही नवल वाटलं नाही, आमच्या मुलीलाही माझी पितळेची भांडी नकोच आहेत.

हे बिल्ले म्हणजे काय ते आधी सांगते. त्या काळी तिकडची माणसं महिनोन्महिने चालत एखाद्या संताच्या समाधीला जात. समाधीबाहेर दुकानं, आपल्या देवळांबाहेर असतात तशीच, आणि दुकानदारही तसेच. दगडाच्या साच्यात शिसं आणि कथील ओतलं की झाला बिल्ला. कँटरबरीला जावं तर तिथं मारल्या गेलेल्या आर्चबिशपचं मुंडकं, नाहीतर एक चिमुकली कुपी. कुपीतल्या पाण्यात त्याच्या रक्ताचा थेंब आहे अशी समजूत. सांतियागोचा शिंपला. आमियाँचं ताटात ठेवलेलं संताचं डोकं. रोकामादूरची लांबट गोल मेरी, कडेनं शिवायला भोकं पाडलेली. बिल्ला विकत घ्यायचा, समाधीला टेकवायचा, मग तो नुसतं कथील राहत नाही. घरी नेऊन आजाऱ्याच्या कपाळाला लावायचा, गुरांच्या पाण्यात बुडवायचा. घरचं माणूस अंथरुणाला खिळलं असेल तर त्याच्या वतीनं दुसरं कुणीतरी चालत जाई.

मला या सगळ्याचा राग यायचा. का कोण जाणे, पण एकेक बिल्ला हातात घेताना मनात यायचं, एवढा चाललास, आणि मिळालं काय? पुष्कळसे बिल्ले दुमडलेले सापडतात, मधोमध, मुद्दाम दुमडून पाण्यात टाकलेले. आमची क्युरेटर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गोड बोलणारी बाई. ती म्हणाली, प्रवास सुखरूप झाला म्हणून आभार मानायला टाकत असावेत. मी म्हटलं, नाही, जे बरे झाले नाहीत त्यांनी चिडून वाकवून फेकलेत. ती हसली. म्हणाली, “त्याला पुरावा नाही.” मी म्हटलं, “तुझ्याकडे तरी कुठे आहे?” ती पुन्हा हसली. अमेरिकन माणसाशी भांडायला मजा येत नाही, ते लगेच तुमचं म्हणणं इंटरेस्टिंग ठरवून टाकतात.

नवऱ्याचा हात अंगठ्यापासून गेला. शर्टाचं वरचं बटण लागेना. मी म्हटलं, “धसमुसळा आहेस, सावकाश लाव.” मग चहाचा कप निसटला, तेव्हा मी चक्क ओरडले, कारण कप चांगला होता. मग एके दिवशी त्याला गाडीची किल्ली फिरवता येईना, आणि तो पार्किंगमध्ये नुसता बसून राहिला. तीन-चार महिने टेस्ट झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ए.एल.एस. हे नाव सांगितलं. आधी हात जातील, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास, किंवा क्रम थोडा इकडेतिकडे. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. हे शेवटचं त्यांनी चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं. मला त्यांना थोबाडीत मारावीशी वाटली. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. त्यांना मी आईच म्हणते. वय तेव्हा एकोणऐंशी, राहणं नाशिकला धाकट्या दिराकडे. हट्टी, खणखणीत, कानाला किंचित कमी. दर रविवारी सकाळी दहाला आमचा व्हिडिओ कॉल. त्यांचे संध्याकाळचे साडेसात, दिवा लावून झालेला. इकडे आलेल्या आमच्या पिढीनं एक कला फार मन लावून कमावली आहे, ती म्हणजे फोनवर छान असणं. कसे आहात? छान. थंडी आहे का? आहे, पण छान. माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी चौथ्या दिवशी लिपस्टिक लावून कॉलवर बसले होते. तिकडूनही तेच. सासरे होते तेव्हा पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं, ते आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, तेही मुलीनं ‘आजोबा कुठेत’ म्हणून धोशा लावला म्हणून. दोन्हीकडे सगळे छान. उगाच काळजी नको, एवढ्या लांबून करणार काय.

तेव्हा आईंना आम्ही सांगितलं की हाताची नस दबली आहे, व्यायाम चालू आहे.

त्यांनी त्याच रविवारी नवस बोलला. गडावरच्या देवीला. नाशिकची माणसं ‘गडावर’ म्हणाली की कुठला गड ते विचारायचं नसतं. मुलाचा हात बरा झाला की चांदीचा हात वाहीन, आणि तोवर दर पौर्णिमेला पायऱ्या चढून दर्शनाला जाईन. तिथं आता वर जायला ट्रॉली आहे. दीर म्हणाला, “आई, ट्रॉलीनं जा, देवी काही रागावणार नाही.” त्या म्हणाल्या, “चढेन असं बोललेय मी. बसून जाईन असं नाही बोलले.”

मी फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हटलं, “त्या देवीला अठरा हात आहेत. एकोणिसावा कशाला हवाय तिला?”

तो हसला. मग हसायचा थांबून म्हणाला, “तिला सांगायला पाहिजे. मी सांगतो. तू नको सांगूस, मीच सांगणार.”

“सांग ना. पण दसरा होऊ दे.”

इथं आम्ही जी चूक केली ती फक्त आम्हीच करू शकतो. सणासुदीला वाईट बातमी सांगायची नाही, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं. आणि आमच्यात सण संपतात कधी? दसरा झाला, पुढे दिवाळी. त्याच सुमाराला दिराच्या मुलीचं लग्न ठरलं. घरात लग्न असताना कसं सांगणार? लग्न झालं, रजा नाही म्हणून आम्ही गेलो नाही. मग संक्रांत. दर वेळी ‘एवढं होऊ दे’ असं मी म्हणायचे, तो नाही. तो पहिल्या रविवारी तयार होता. आईंचा चेहरा पडलेला बघायची माझीच छाती नव्हती. आणि नाव मात्र मी त्यांच्या तब्येतीचं घेत होते.

दरम्यान आणखी एक गोष्ट झाली. बोलणं शिकवणारी थेरपिस्ट घरी येऊ लागली. ती म्हणाली, जीभ चालतेय तोवर तुमचा आवाज साठवून ठेवू या. शेकडो वाक्यं वाचायची, म्हणजे पुढे डोळ्यांनी स्क्रीनवर अक्षरं निवडली की मशीन तुमच्याच आवाजात बोलेल. नवऱ्यानं आठवडाभर बसून वाक्यं वाचली. ‘कॅन यू टर्न द लाइट ऑन.’ ‘आय ॲम नॉट हंग्री.’ ‘थँक यू फॉर कमिंग.’ त्याच्या ऑफिसातल्या आवाजात, भरभर, जणू मीटिंग संपवून गाडी गाठायचीय. मग त्यानं विचारलं, “मराठीत?” तिनं शोधलं. आमच्या त्या मशीनमध्ये त्याच्या आवाजातली मराठी होत नव्हती. मराठीसाठी एक तयार आवाज होता, बाईचा. तिनं तो लावून दाखवला. ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’

नवरा हसून हसून खोकायला लागला. “ही आईला सांगणार? आईला वाटेल बँकेतून फोन आलाय.”

मीही हसले. थेरपिस्टही हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. ती गेल्यावर तो म्हणाला, “ऐक. आईला इंग्लिश येत नाही. म्हणजे माझी स्वतःची जीभ आहे तोवरच मला तिच्याशी बोलता येणार. मी जाणार आहे हे तिला मी सांगणार. तिनं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. मला तिला बाकीही थोडं सांगायचंय.”

“बाकी काय?”

“ते तिला सांगीन.”

एवढंच त्याचं मागणं होतं. बाकी तो काही मागत नव्हता. ना ‘मलाच का’ असं म्हणाला, ना कुठला चमत्कार शोधत बसला. मुलगी बॉस्टनहून फोन करायची, “आई, लेट हिम टेल हर. इट्स हिज मदर.” मी म्हणायचे, “हो गं बाई, संक्रांत होऊ दे.” ती म्हणायची, “यू गाइज आर इम्पॉसिबल.”

त्याच दिवसांत मी खोक्यातून आखेन गावच्या यात्रेचा बिल्ला काढला. चार बोटं उंचीचा, नक्षीदार, मेरी आणि मूल, आणि वरच्या बाजूला एक रिकामी गोल कडी. मी रकान्यात लिहिलं, ‘वरचा भाग गेला आहे.’ क्युरेटर म्हणाली, भाग नाही, तिथं आरसा होता.

मग तिनं सांगितलं. आखेनच्या चर्चमध्ये मेरीचं वस्त्र म्हणून एक कापड आहे. ते सात वर्षांतून एकदा उघडून दाखवत. यात्रेला एवढी गर्दी लोटायची की समाधीला, कापडाला बिल्ला टेकवणं सोडाच, जवळपासही जाता येत नसे. मग पुजारी ते कापड उंच सज्जावरून दाखवत आणि खाली लोक हात उंच करून आरसे धरत. समजूत अशी की कापडातून निघालेलं तेज आरशात शिरतं. मग आरसा झाकून, जपून घरी न्यायचा आणि जो येऊ शकला नाही त्याच्यासमोर धरायचा. तेज आत आहेच.

“आणि आजाऱ्याला त्यात काय दिसायचं?” मी विचारलं.

“स्वतःचं तोंड, मला वाटतं,” ती म्हणाली.

मी त्या दिवशी संग्रहालयाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. कशासाठी ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी काय केलं ते आता लिहिते. तोवर त्याचे दोन्ही हात गेले होते. बोटं आत वळून तशीच राहायची. पाय डळमळत होते, व्हीलचेअर आली होती, ती मी कॉलच्या वेळी शालीखाली झाकायचे. बोलणं जड झालं होतं, ‘दाताचं काम चालू आहे’ असं आईंना सांगून झालं होतं. त्या दिवशी मला वाटलं, त्यांना जरा बरं वाटू दे. दोनच दिवसांपूर्वी पौर्णिमा झालेली, त्या गुडघ्याला तेल लावत बसल्यात असं दिरानं कळवलं होतं. मी कॉल सुरू व्हायच्या आधी त्याच्या उजव्या हातात स्टीलचा पेला दिला. दिला म्हणजे, एकेक बोट सोडवून पेल्याभोवती बसवलं, खालून उशी सरकवली, वरून शाल. रिकामा पेला. छान दिसत होतं.

“हे कशाला?” तो म्हणाला.

“असू दे रे. आईंना बरं वाटेल.”

कॉल लागला. आई स्क्रीनच्या एवढ्या जवळ आल्या की नुसता चष्मा दिसायला लागला.

“अगं, पेला धरलाय का त्यानं? उजव्या हातात?”

त्यानं तोंड उघडलं. त्याला आता शब्द जुळवायला वेळ लागायचा. मला लागत नसे.

“हो आई,” मी म्हटलं, “आता धरतो तो.”

 आईंनी तिथूनच हात जोडले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून दिराला हाका मारायला लागल्या. मी बाजूला बघितलं तर नवरा माझ्याकडे बघत होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, तसं त्यानं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

कॉल संपल्यावर तो म्हणाला, “पेला काढ.”

मी काढला.

“पुढच्या रविवारी मी सांगणार. तू खोलीत बसायचं नाहीस.”

“बरं,” मी म्हटलं. आणि या वेळी मी खरंच बाहेर थांबणार होते. कुणाला पटो न पटो.

शुक्रवारी त्याला ताप आला. शनिवारी हॉस्पिटल. छातीत कफ भरला होता. दहा दिवसांचे तीन आठवडे झाले. पोटातून नळी घातली. तो वाचला, पण घरी आला तेव्हा जिभेतून शब्द निघेना. आवाज निघायचा, लांबट, गळ्यातून. आधी वाटलं सूज आहे, उतरेल. थेरपिस्ट आली, तिनं टॉर्च लावून बघितलं आणि मशीन कसं वापरायचं ते पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागली. तेव्हा मला कळलं.

या काळात आणि तो घरी आल्यावरही आईंना मी सांगत होते की तो ऑफिसच्या कामासाठी लांब बेलव्ह्यूला गेलाय, बिझी आहे. त्यांना ते एकदम पटलं. हात बरा झाला, म्हणून ऑफिसनं पाठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक खोटं बोलले, त्याच्या आधारानं दुसरं उभं राहिलं आणि पहिल्यापेक्षा चांगलं उभं राहिलं.

मुलगी म्हणाली, “आता तू सांग.” पहिल्यांदाच ती माझ्याशी आख्खं वाक्य मराठीत बोलली. मी त्याला विचारलं, “मी सांगू का?” त्यानं डोळ्यांनी ‘नो’ निवडलं. अजून त्याला वाटत होतं की तो एखादा शब्द तरी काढील. दुपारी मी कामावर असताना तो प्रयत्न करायचा, असं त्याला सांभाळायला येणाऱ्या बाईनं मला सांगितलं. ती घानाची होती, तिला मराठी कळत नव्हती, पण तिनं बरोबर नक्कल करून दाखवली. “आ... ई.” तेवढं दोन-तीनदा जमायचं. पुढचं नाही.

चैत्री पौर्णिमेला गडावर मोठी यात्रा असते. आमच्याकडे सकाळ होती, चेरीला फुलं आली होती, खिडकीतून ऊन येत होतं. तो बेलव्ह्यूहून परतलाय, एवढं मी आदल्या आठवड्यात सांगून बसले होते, आणि दिराचा व्हिडिओ कॉल आला. मी घेतला नसता, पण त्याच्या स्क्रीनवरही तो वाजला आणि त्यानं डोळ्यांनी घेतला.

फोनमध्ये नुसती डोकी. गर्दी, आरडाओरडा, ढोल, कुंकवानं लाल झालेली कपाळं. आरतीची वेळ, पुढे सरकायला जागा नव्हती. दीर ओरडून सांगत होता, “वहिनी, जवळ जाताच येत नाहीये! थांबा, इथूनच दाखवतो!” आणि त्यानं हात उंच करून सगळ्या डोक्यांच्या वर फोन धरला. लांबवर शेंदरी रंगाचा एक ठिपका, मधूनच चमकणारा. आजूबाजूला तसेच पन्नास हात, तसेच पन्नास फोन. माझ्या अंगावर काटा आला. भक्तीनं नव्हे.

मग फोन खाली आला आणि आई दिसल्या. घामानं भिजलेल्या, पदर खोचलेला, चेहरा असा की मी त्यांना एवढं सुखी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी लाल फडक्यातून हात काढून दाखवला. चांदीचा, वीतभर, उजवा.

“सोनाराला सांगितलं, अंगठा स्पष्ट पाहिजे. त्यानं आधी बोटं मिटलेलीच केली होती, मी पुन्हा घडवायला लावला. बघ, बघ अंगठा.”

आम्ही बघितला. अंगठा स्पष्ट होता.

“बाळा,” त्या म्हणाल्या, “तुझा हात दाखव. वर कर जरा. देवीला दाखवायचा, मग वाहते.”

मी खुर्चीच्या मागे उभी होते. कॅमेऱ्यात मी नव्हते. त्याचा उजवा हात शालीवर पडला होता. तेव्हा मला ‘आई, थांबा’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी वाकले, त्याच्या कोपराखाली हात घातला आणि तो हात उचलून धरला. मनगट लोंबू नये म्हणून मागून दोन बोटं लावली. आईंना दिसलं की लेकानं हात वर केलाय.

आणि तो बोलायला लागला. सगळी ताकद लावून, मान हलवत, तोंड वाकडं होत होतं, लाळ गळत होती. “आ... ई... आ...” पुढे काहीतरी होतं, पुष्कळ होतं, ते गळ्यातून नुसतं घरघरत येत होतं आणि थांबत नव्हतं. मला माहीत होतं तो काय सांगतोय. निदान त्यातलं पहिलं वाक्य मला माहीत होतं. उरलेलं, ‘बाकीही थोडं’ म्हणाला होता ते, मला आजही माहीत नाही.

ढोल वाजत होते. आई हसत, रडत होत्या.

“अरे वेड्या, रडतोस काय असा? बरा झालास की! रडू नको. आता मी वाहून येते हं.”

फोन दिराच्या हातात वाकडातिकडा झाला, आभाळ दिसलं, कुणाचा तरी खांदा दिसला, आणि कॉल गेला.

मी त्याचा हात हळूच खाली ठेवला.  मग त्याचे डोळे स्क्रीनवर फिरायला लागले. एकेक अक्षर. मला वाटलं आता तो मला जे म्हणायचंय ते म्हणेल, आणि म्हणायलाच हवं होतं. मशीन बोललं, त्याच्या आवाजात, त्या जुन्या भरभर आवाजात, जणू दारात उभा राहून बूट घालता घालता सांगतोय.

“डोन्ट टेल हर नाउ.”

त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. बोलण्यासारखं मीच काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

उन्हाळ्यात बिल्ल्यांचं प्रदर्शन लागलं. माहितीची पाटी मी लिहिली. आखेनच्या बिल्ल्याखाली क्युरेटरला हवं होतं की लोक आजच्या काळाशी जोडून घेतील असं काहीतरी लिहू या, सेल्फी वगैरे. मी भांडले. या वेळी एवढी भांडले की तिलाही ते इंटरेस्टिंग वाटलं नाही. शेवटी पाटीवर बिल्ल्याचं गाव, अंदाजे काळ, धातू आणि ‘आरसा उपलब्ध नाही’ एवढंच राहिलं.

दुमडून फेकलेल्या बिल्ल्यांबद्दल मात्र माझं मत बदललं. ते आभार मानून टाकलेले नसतील आणि चिडूनही नसतील. घरी आल्यावर कुणी विचारू नये म्हणून टाकले असतील, असं आता मला वाटतं. यालाही पुरावा नाही.

ऑगस्टमध्ये तो गेला. दुपारी, घरात, मुलगी एका बाजूला, मी एका बाजूला. दिराला सगळं खरं सांगितलं.  तो म्हणाला, “वहिनी, आईला हार्ट अटॅक सांगू या. झोपेत.” मी हो म्हटलं. तोच आमच्या घरचा शहाणपणा, मी त्याला काय शिकवणार.

तेराव्यानंतर आईंनी स्वतः फोन केला. व्हिडिओ नाही, साधा. आवाज खणखणीत नव्हता, पण रडतही नव्हत्या. इकडचं तिकडचं विचारलं. जेवलीस का, लेक कधी परत जाणार, घर खायला उठत असेल. मग म्हणाल्या,

“अगं, एक विचारते. खरं सांगशील?”

“विचारा ना, आई.”

“हात बरा झाला होता ना त्याचा?”

खिडकीपाशी त्याची रिकामी खुर्ची अजून तशीच होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

“हो आई,” मी म्हटलं. “हात बरा झाला होता.”